मासळीला पर्यावरणाचं प्रमाणपत्र: मच्छीमार सोसायटीने सुरुवात कुठून करायची

ओहोटी लागली की आमच्या खाडीत बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. पायाच्या अंगठ्याने चिखलातली तिसरी, म्हणजे खायची शिंपली, चाचपायची, वाकून उचलायची आणि कमरेला दोरीने बांधलेल्या, मागे तरंगणाऱ्या टोपात टाकायची. किनाऱ्याला आल्यावर टोप रोवळीत ओततात आणि रोवळी पाण्यात धरून दोन-चार वेळा हिसडतात. बारीक शिंपली फटींतून परत चिखलात जाते. असं करा म्हणून कुणी सांगितलेलं नाही. बारीक तिसरीत मांस नसतं आणि ती सहा महिन्यांनी मोठी होऊन इथेच सापडणार आहे, हे त्यांना ठाऊक असतं.

केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात ह्याच जातकुळीची शिंपली होडीतून हातदाताळ्याने आणि बुडी मारून काढतात. तिथे ही बारीक शिंपली सोडून देण्याची रीत कागदावर आली, मोजली गेली, बाहेरच्या लोकांनी येऊन तपासली. नोव्हेंबर २०१४ मध्ये अष्टमुडीच्या शिंपल्यांना, मासळी टिकवून पकडली जाते का हे बघणाऱ्या मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं, म्हणजे एमएससीचं प्रमाणपत्र मिळालं. भारतातल्या कुठल्याही मासेमारीला मिळालेलं ते पहिलं. मोठ्या ट्रॉलरवाल्यांना किंवा पापलेटला न मिळता ते आधी शिंपलीला मिळालं. ह्यामागे कारणं आहेत आणि ती समजली की आपल्या सोसायटीने कुठे हात घालावा हेही समजतं.

हा लेख कोकणातल्या आणि गोव्यातल्या मच्छीमार सोसायट्यांचे नवे सेक्रेटरी, संचालक आणि बंदरावर काम करणारी शिकलेली मुलं यांच्यासाठी आहे. ‘इको-लेबल मिळालं तर माल परदेशात जाईल’ असं त्यांच्या कानावर पडतं. पुढे काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही.

आधी कागद ओळखा

बंदरावर ‘सर्टिफिकेट’ हा एकच शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात. तिथूनच गोंधळ सुरू होतो.

युरोपात समुद्रातून पकडलेली मासळी पाठवायची तर कॅच सर्टिफिकेट लागतं. बेकायदा मासेमारीचा माल युरोपात शिरू नये म्हणून हा नियम १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. आपल्याकडे हे काम एमपीईडीए, म्हणजे समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण बघतं. कुठल्या नावेने, कुठल्या भागात, कधी मासळी पकडली एवढंच त्यात असतं. समुद्रात ती मासळी पुरेशी शिल्लक आहे का, हे तो कागद सांगत नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या कोळंबीची. ट्रॉल जाळ्यात समुद्री कासवं अडकून गुदमरतात. कासव बाहेर पडेल अशी सोय जाळ्यात नसेल तर समुद्रातली कोळंबी अमेरिका घेत नाही. ह्याच कारणाने २०१९ पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी तिथे बंद झाली. ही सोय म्हणजे टेड: जाळ्याच्या आत तिरपी बसवलेली सळ्यांची जाळी. कोळंबी सळ्यांमधून मागे खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, जाते, कासव सळ्यांवर आपटून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या ट्रॉलरना चालेल असं टेड तयार केलं आहे. टेड ही देशावर घातलेली अट आहे. एका सोसायटीने एकटीने टेड लावून निर्यात उघडत नाही. तरी वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्रात सोडायला माणसं मुंबई-पुण्याहून येतात आणि त्याच कासवांची मोठी मादी ट्रॉलमध्ये मरते, हे मला बघवत नाही. टेडबद्दल मी म्हणूनच आडपडदा न ठेवता बोलतो.

तिसरा कागद आरोग्याचा. शिंपली पाणी गाळून खाते, त्यामुळे खाडीतली घाण तिच्यात साचते. माल खायला सुरक्षित आहे की नाही, ह्याची तपासणी पूर्ण वेगळी असते. पर्यावरणाचा शिक्का मिळाला म्हणून ती चुकत नाही.

चौथा कागद हा आपला विषय: ही मासेमारी अशीच चालू राहिली तर पन्नास वर्षांनीही मासळी असेल का, ह्या प्रश्नाचं बाहेरच्या त्रयस्थाने तपासून दिलेलं उत्तर. तो ऐच्छिक आहे. सरकार तो मागत नाही, परदेशातली दुकानं आणि मोठे खरेदीदार मागतात. एमएससीचा निळा शिक्का त्यात सगळ्यात जास्त ओळखला जातो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळचा कॉड मासा अतिमासेमारीने इतका घटला की १९९२ साली ती मासेमारीच बंद करावी लागली. त्या धक्क्यानंतर युनिलीव्हर ही कंपनी आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ ही संस्था यांनी मिळून १९९७ च्या सुमारास एमएससी उभी केली, पुढे ती स्वतंत्र झाली. फ्रेंड ऑफ द सीसारखे इतर शिक्केही आहेत. तळ्यातल्या कोळंबीसाठी एएससी आणि बीएपी हे वेगळे शिक्के आहेत. कोळंबी-शेतीवाल्यांनी एमएससीच्या मागे लागू नये, तो त्यांच्यासाठी नाही.

पहिली पायरी: माल घेणारा कोण?

तुमची मासळी बंदरावरच्या लिलावात जाऊन संध्याकाळी गावातल्या चुलीवर चढत असेल, तर निळ्या शिक्क्याला कुणी एक रुपया जास्त देणार नाही. तो देणारा गिऱ्हाईक युरोप, अमेरिका, जपानमधला असतो. म्हणून आधी तुमच्याकडचा माल घेणाऱ्या कंपनीला जाऊन विचारा: तुमचा परदेशी खरेदीदार हा शिक्का मागतो का? मागत असेल तर तपासणीच्या खर्चात वाटा उचलाल का? आणि जास्त आलेल्या भावातला किती भाग नावेपर्यंत येईल? हे तिन्ही प्रश्न लेखी विचारा.

तपासणीचा खर्च हलका नाही. एमएससीने पूर्वी दिलेल्या माहितीत तो मासेमारीच्या आकारानुसार १५ हजार ते १ लाख २० हजार डॉलरपर्यंत जात असे. पैसे एमएससीला जात नाहीत, तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेला जातात. पण जातात मच्छीमारांच्या बाजूनेच. छोट्या मच्छीमारांच्या बाजूने काम करणाऱ्या चेन्नईच्या आयसीएसएफसारख्या संस्थांनी नव्वदच्या दशकापासून हा आक्षेप घेतला आहे: शिक्का श्रीमंत देशांच्या बाजारासाठी आणि भार गरीब देशांच्या नावांवर. मला तो आक्षेप रास्त वाटतो. निर्यातदार, सरकारी योजना किंवा एखादी संस्था पाठीशी नसेल, तर सोसायटीने कर्ज काढून ह्यात उतरू नये. खाली सांगितलेल्या पायऱ्यांपैकी बहुतेक मात्र शिक्क्याशिवायही कराव्यात. त्यांना पैसे फारसे लागत नाहीत आणि फायदा तुमच्याच खाडीला होतो.

दुसरी पायरी: मासळी निवडा, आणि छोटी निवडा

प्रमाणपत्र गावाला मिळत नाही, सोसायटीलाही मिळत नाही. ते मिळतं एका नेमक्या जोडणीला: अमुक जात, तिचा अमुक साठा (म्हणजे त्या पाण्यातली त्या जातीची सगळी मासळी), अमुक जाळं, अमुक पाणी, आणि त्यात मासेमारी करणारी अमुक माणसं. एकाच नावेने हंगामात डोल (पिशवीसारखं जाळं) आणि दालदी (मासा कल्ल्यांत अडकवणारं जाळं) दोन्ही वापरली, तर त्या दोन वेगळ्या मासेमाऱ्या झाल्या आणि दोन्हींची तपासणी वेगळी.

आता पापलेट घ्या. २०२३ साली ते महाराष्ट्राचा राज्यमासा झालं, परदेशात त्याला भाव आहे, सगळ्यांच्या मनात पहिलं तेच येतं. पण पापलेटाचा साठा आपल्या आणि गुजरातच्या पाण्यात मिळून एक आहे. सातपाटीच्या नाखव्याने मोठ्या आसाची, म्हणजे मोठ्या भोकांची, जाळी वापरली आणि दुसरीकडे कुणी बारीक आसाच्या डोलीत बोटभर पिल्लं भरभरून काढली, तर तपासणारा साठ्याकडे बघणार. तुमची एकट्याची शिस्त त्यात बुडून जाते.

शिंपली जागा सोडत नाही. अष्टमुडीची शिंपली अष्टमुडीतच जन्मते आणि तिथेच वाढते. तिला काढणारी माणसं त्याच काठावर राहतात. हाताने काढल्यामुळे सोबत दुसरी मासळी फारशी येत नाही आणि आलीच तर जिवंत परत टाकता येते. साठा मोजता येतो, नियम पाळला की नाही हे शेजाऱ्याला दिसतं. म्हणून माझं ठाम मत आहे की कोकणात कुणी ह्या वाटेने जाणार असेल, तर त्याने तिसऱ्या, कालवं किंवा एखाद्या खाडीतली खेकड्याची मासेमारी घ्यावी. पापलेट, सुरमई नंतर.

इथे एक अडचण येते. शिंपल्या काढणाऱ्या बहुतेक बायका कुठल्याच सोसायटीच्या सभासद नसतात. त्यांचं नाव कुठल्या परवान्यावर नसतं, मासेमारीच्या आकड्यांतही नसतं. अष्टमुडीत शिंपल्या काढणं, उकडणं, साफ करणं आणि विकणं ह्यावर सुमारे ३,००० माणसं जगत होती, आणि ती मोजली गेली होती. तेव्हा पहिलं काम यादीचं. वाडीवाडीत जाऊन कोण काढतं, कुठे काढतं, वर्षातले किती दिवस काढतं हे लिहून घ्या. ह्या बायकांना सभासद करून घ्या. ‘त्या काय, खायपुरत्या काढतात’ असं सोसायटीत कुणी म्हणेल. त्यांच्या टोपाचं वजन एकदा काट्यावर करून दाखवा.

तिसरी पायरी: घरचा कायदा

तपासणाऱ्याचा एक प्रश्न ठरलेला असतो: तुमच्याकडे नियम आहेत का, आणि ते पाळले जातात का? आपल्याकडे नियम आहेत. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. २०२१ मध्ये तो सुधारून दंड लाखांत नेले आणि निवाड्याचे अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ पासून बंदी घातली आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नावांना बंदी असते. तारखेचा आदेश दर वर्षी निघतो, तो बंदरावर लावून ठेवा. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर. ह्याहून लहान मासा पकडू नये आणि विकू नये असा त्याचा अर्थ.

आपल्या प्रत्येक नावेची नोंदणी चालू आहे का, परवान्यावर लिहिलेलं जाळं आणि नावेवरचं जाळं एकच आहे का, हे तपासा. माझा अनुभव असा की निम्मे प्रश्न इथेच अडकतात. जाळं बदललेलं असतं, कागद जुनाच असतो.

अष्टमुडीत नियम कसे आले तेही बघा. तिथल्या शिंपल्यांना ऐंशी-नव्वदच्या दशकात व्हिएतनाम, थायलंड, मलेशियाकडून मागणी वाढली. १९९१ मध्ये उत्पादन १०,००० टनांवर गेलं आणि दोनच वर्षांत निम्म्यावर आलं. माणसं घाबरली. मग केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे सीएमएफआरआयच्या सल्ल्याने नियम ठरले: डिसेंबर ते फेब्रुवारी शिंपली काढायची नाही, कारण तो तिच्या प्रजननाचा काळ असतो. दाताळ्याच्या जाळीचा आस किमान ३० मिलिमीटर. निर्यातीच्या मालात एक किलो मांसात १,४०० पेक्षा जास्त नग नकोत. यंत्राने शिंपली काढायला बंदी. चार नियम, चारही साधे आणि चारही काठावर उभं राहून तपासता येण्यासारखे. पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली मच्छीमार, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि खातं यांची एक परिषद बसली, म्हणजे नियम बदलायचा तर कुठे बोलायचं ते ठरलं. तुमच्या खाडीत अशी समिती नसेल तर ग्रामपंचायत, सोसायटी आणि मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी यांची साधी मासिक बैठक सुरू करा आणि तिचं इतिवृत्त लिहा. इतिवृत्त नसलेली बैठक तपासणाऱ्याच्या दृष्टीने झालेलीच नसते.

चौथी पायरी: वही

ह्या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका सोसायटीत खरेदीदाराचा माणूस मालाची माहिती घ्यायला आला होता. मी तिथे होतो. दोन हंगामांची वही समोर ठेवली. पहिली पानं सुरेख होती: तारीख, वजन, भाव. मग जानेवारी ते मार्च कोरं. लिहिणारा मुलगा आजारी पडला होता आणि दुसऱ्या कुणाला काम सोपवलं नव्हतं. एप्रिलच्या पहिल्या पानावर तीन महिन्यांचा माल एका ओळीत होता आणि पुढे लिहिलं होतं ‘अंदाजे’. तो माणूस चांगला होता, रागावला नाही. त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं, वही मिटली आणि चहा पिऊन गेला. त्या तीन महिन्यांत त्या बायकांनी शिस्तीने बारीक शिंपली सोडून दिली होती, मी स्वतः बघितलं होतं. वहीत ते कुठेच नव्हतं.

वहीत काय असावं? तारीख आणि भरती-ओहोटीची वेळ. जागेचं नाव, आणि ते आपलंच: ‘पिराच्या खडपापासून बंधाऱ्यापर्यंत’ असं लिहिलं तरी चालेल, फक्त दर वेळी तेच नाव लिहा आणि मोबाइलवरून एकदा त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवून ठेवा. किती जण उतरले. किती तास काढली. काट्यावरचं वजन. एक किलोत किती नग बसले. बारीक म्हणून किती परत टाकली. सोबत दुसरं काय आलं: खेकडा, गोगलगाय, कालवाचं पिल्लू. शेवटी भाव.

ह्यातला सगळ्यात मोलाचा आकडा तुम्हीच काढू शकता. समजा सहा बायका तीन तास उतरल्या आणि ९० किलो तिसऱ्या आल्या. म्हणजे १८ तास श्रम, ताशी ५ किलो. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात ताशी ४ किलो आले तर काहीतरी घटतंय. एकूण वजन तेवढंच राहिलं तरी घटतंय, कारण माणसं जास्त वेळ पाण्यात उभी राहून ते भरून काढतायत. एका किलोत बसणारे नग वाढत गेले तर शिंपली लहान होत चालली आहे. हे दोन आकडे तीन वर्षं नेमाने लिहिलेल्या सोसायटीकडे असं काहीतरी असतं जे आपल्याकडे फारच थोड्या ठिकाणी आहे.

दर महिन्याला एक दिवस पन्नास शिंपल्या न निवडता उचला आणि प्लास्टिकच्या फूटपट्टीने प्रत्येकीची लांबी मोजा. गावच्या शाळेतली आठवी-नववीची मुलं हे काम आनंदाने करतात आणि मोठ्यांपेक्षा नीट करतात.

नावेवरच्या मासेमारीत वहीत एक रकाना आणखी लागतो: कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क अडकला का आणि त्याचं काय झालं. हा रकाना भरायला मच्छीमार घाबरतात, लिहिलं तर केस होईल असं वाटतं. महाराष्ट्रात उलट सोय आहे. जाळं कापून संरक्षित प्राणी जिवंत सोडला आणि फोटो किंवा व्हिडिओ दिला, तर कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खातं यांच्या योजनेत जाळ्याच्या नुकसानीचे २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. ही योजना २०१८ च्या अखेरीपासून आहे. तांडेलांना ती समजावून सांगा. सोडलेल्या एका कासवाचा फोटो वहीला जोडलेला असेल तर तपासणीत तो दहा भाषणांपेक्षा उपयोगी पडतो.

पाचवी पायरी: पूर्वतपासणी आणि गुणांचं गणित

हे सगळं वर्षभर झालं की मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडून पूर्वतपासणी करून घेता येते. तिचा अहवाल गुप्त असतो, फक्त तुम्हाला मिळतो. कुठे कमी पडतो ते त्यात कळतं. ही पायरी कुणीही टाळू नये, कारण मुख्य तपासणी जाहीर असते आणि तिथे नापास झालात तर ते जगाला दिसतं.

एमएससी तीन गोष्टी बघते: साठा निरोगी आहे का, भोवतालच्या जिवांना आणि तळाला किती इजा होते, आणि कारभार नीट आहे का. प्रत्येकीखाली अनेक मुद्दे असतात आणि प्रत्येक मुद्द्याला गुण मिळतात. ६० च्या खाली एकही मुद्दा गेला तर सगळंच संपलं. तिन्ही विभागांची सरासरी वेगवेगळी किमान ८० लागते. एकात ९५ मिळवून दुसऱ्यातले ७० झाकता येत नाहीत. एखादा मुद्दा ६० आणि ८० च्या मध्ये राहिला तर प्रमाणपत्र अटीवर मिळतं, आणि तो मुद्दा ठरलेल्या मुदतीत ८० वर न्यावा लागतो.

आपल्याकडच्या मासेमारीत पहिला विभाग आकड्यांवाचून अडतो. साठ्याची माहिती सीएमएफआरआयकडे मागा. त्यांचं केंद्र मुंबईतही आहे. ह्या संस्थेने २०२२ च्या अभ्यासात देशातले १३५ साठे तपासले आणि ९१.१ टक्के निरोगी असल्याचं सांगितलं, म्हणजे अनेक जातींवर काम झालेलं आहे. छोट्या खाडीतल्या शिंपलीवर आकडे नसतील तर एमएससीच्या पद्धतीतच एक सोय आहे: जोखमीवर आधारित तपासणी. त्यात जुन्या जाणत्या माणसांना एकत्र बसवून विचारतात. पूर्वी कुठे मिळायची, आता कुठे मिळते, कधी अंडी धरते, कुठली जागा कुणी छेडत नाही. तिथे सत्तर वर्षांच्या आजीला पहिल्या रांगेत बसवा आणि भाषांतर करणारा माणूस गावचाच ठेवा.

पूर्वतपासणीत बरंच कमी आढळलं तर घाबरू नका. सुधारणा प्रकल्प म्हणून एक वाट असते. तीन-पाच वर्षांचा आराखडा करायचा, काय सुधारलं ते दर वर्षी जाहीर करायचं. केरळच्या कोळंबी आणि माकूळ-म्हाकुलासाठी निर्यातदारांनी हीच वाट धरली. काही परदेशी खरेदीदार अशा प्रकल्पातला मालही घेतात.

सहावी पायरी: मुख्य तपासणी

वर्ष-दीड वर्ष धरून चाला. तपासणीची घोषणा जाहीर होते, मग तज्ज्ञांची तुकडी प्रत्यक्ष येते. ती बंदरावर फिरते, नावेवर चढते, खात्यात जाते, पर्यावरणवाल्या संस्थांना भेटते, तुमच्या विरोधकांनाही भेटते. मसुदा अहवाल लोकांसमोर येतो, त्यावर कुणीही मत देऊ शकतं, इतर शास्त्रज्ञ तो वाचतात, आक्षेपाला मुदत असते.

तपासणारे आले की सोसायटीच्या चेअरमनने सगळी उत्तरं द्यायची असा आपल्याकडे रिवाज आहे. तो इथे मोडा. खलाशाला बोलू द्या, शिंपलीवालीला बोलू द्या. आणि चूक लपवू नका. ‘गेल्या बंदीत दोघांनी शिंपली काढली, आम्ही त्यांचा माल आठ दिवस काट्यावर घेतला नाही’ हे उत्तर ‘आमच्याकडे कुणी नियम मोडत नाही’ ह्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे.

सातवी पायरी: काट्यापासून डब्यापर्यंत

मासेमारीला प्रमाणपत्र मिळालं तरी डब्यावर निळी खूण आपोआप येत नाही. माल हातात घेणाऱ्या प्रत्येकाकडे, व्यापाऱ्यापासून कारखान्यापर्यंत, साखळीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणित खाडीचा माल शेजारच्या खाडीच्या मालात मिसळला नाही, एवढंच ते दाखवतं. सोसायटीने दोन गोष्टी कराव्यात: मालासाठी वेगळ्या रंगाच्या पाट्या (टोपल्या), आणि काट्यावर गाव-तारखेची चिठ्ठी. संध्याकाळी घाईत बर्फ टाकताना पाट्या एकत्र होतात. तिथे एक जबाबदार माणूस उभा ठेवा.

मिळाल्यावर

प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं आणि दर वर्षी देखरेखीची तपासणी होते. मधल्या काळात निसर्ग स्वस्थ बसत नाही. अष्टमुडीत पुढे मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांवरची परकी शिंपली, चारू मसल, पसरली. तिने तळ व्यापला आणि मूळ शिंपलीचं उत्पादन घटलं. त्यात मच्छीमारांचा दोष नव्हता, नियम तर त्यांनी पाळले होते. तरी पोट त्यांचंच खपाटीला गेलं. सीएमएफआरआयने नंतर हॅचरीत वाढवलेलं शिंपलीचं बीज सरोवरात सोडून साठा उभा करायचा प्रयत्न हाती घेतला. घट कधी लागली आणि कुठल्या जागी आधी लागली, हे सांगायला काठावरच्या नोंदीच कामाला येतात. आपल्या खाड्यांतही अशी परकी शिंपली दिसली तर ‘सोबत काय आलं’ ह्या रकान्यात ती त्याच दिवशी लिहा, फोटो काढा आणि खात्याला कळवा.

यांत्रिक नावांचा नवा हंगाम १ ऑगस्टला सुरू होतो. वही त्याआधी बांधून घ्या, जाड पुठ्ठ्याची, पानांना क्रमांक घातलेली. लिहिणारी माणसं दोन नेमा, एक आजारी पडलं तर दुसरं. आणि वहीला दोऱ्याने शिसपेन्सिल बांधा. ओल्या हाताने शाई पसरते, पेन्सिलीचं लिहिलेलं खाऱ्या पाण्यातही टिकतं.